थंयसून गाव दिसता काय?

मी बोटीवर असताना आई फोनवर तीनच गोष्टी विचारायची. जेवलंस काय, झोप झाली काय, आणि तिसरी, "थंयसून गाव दिसता काय?" देश कुठला, समुद्र कुठला, हे तिने कधी विचारले नाही. बोट ज्या धक्क्याला लागली आहे तिथून गाव दिसते की नाही, एवढेच तिला हवे असायचे.

तिचा हा प्रश्न वेंगुर्ल्याच्या बंदरातला. तिच्या लहानपणी मुंबईची बोट यायची. बोट लांब पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसे, ट्रंका, पेट्या काठाला यायच्या. आजोबा गिरणीत होते, मे महिन्यात घरी येत. बोटीच्या कठड्याशी उभे राहून आधी दीपगृह, मग माडांची रेघ, मग बंदरावरची माणसे, असे एकेक दिसू लागायचे, हे त्यांनी आईला इतक्या वेळा सांगितले होते की तिने स्वतः तो प्रवास केल्यासारखा तिला तो पाठ होता. "गाव दिसलो की माणूस अर्धो घराक पावलो," असे ते म्हणत. पाऊस लागला की बोट बंद, मग गाव दिसायचे ते थेट दिवाळीच्या आसपास.

मी नऊ वर्षे क्रूझच्या बोटींवर बेकरीत काम केले. बोटीवरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात आणि आमच्या गॅलीला खिडकी नव्हती. रात्री दहाला कणीक मळायला घ्यायची, पहाटेपर्यंत पाव, रोल, केक भट्टीतून काढायचे. बाहेर कुठला समुद्र आहे ते कळायचे नाही. बंदर जवळ आले की मात्र कळायचे. बोटीच्या पोटात, नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, आडवे पंखे असतात. थ्रस्टर म्हणतात त्यांना. त्यांच्या जोरावर एवढी मोठी बोट खेकड्यासारखी आडवी सरकते. ते सुरू झाले की रॅकमधले रिकामे ट्रे एकमेकांवर थरथरायला लागायचे. त्या थरथरीच्या लांबीवरून आम्ही धक्का ओळखायचो. ती थांबली की काही वेळाने गँगवे, म्हणजे उतरायची शिडी, उघडल्याची घोषणा व्हायची, आणि ज्याची 'आयपीएम' नसेल तो एप्रन सोडून धावायचा. आयपीएम म्हणजे बंदरात असताना बोटीवर थांबायची पाळी. आग लागली, पाणी शिरले, तर बोट सांभाळायला ठरावीक माणसे बोटीवर असावीच लागतात. ज्याची पाळी त्याचे बंदर गेले. मग तो पाण्याखालच्या मजल्यावरच्या आपल्या केबिनमध्ये झोपून ते बंदर ऐकतो.

ज्या बंदरात माझी पाळी आली तर मला खरोखर वाईट वाटायचे, असे एकच बंदर होते. कुरासाओ बेटावरचे विलेमस्टाड.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर हे बेट आहे. लांबट, कोरडे, काटेरी. कॅरिबियन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे डोंगर आणि पाऊस येतो, तसे इथे नाही. पाऊस थोडा, निवडुंग फार, आणि पूर्वेकडून बारा महिने वारा. तो इतका एकमार्गी की दिवीदिवीची झाडे सगळी पश्चिमेकडे तोंड करून वाकलेली. वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बेट बाजूला पडते, म्हणून बोटींना हे बंदर भरवशाचे. बेटाच्या दक्षिण काठावर एक अरुंद खाडी आत शिरते, सेंट आना बे. ती पुढे जाऊन स्खोटेगाट नावाच्या मोठ्या, सगळीकडून झाकलेल्या जलाशयात उघडते. बाहेर चिंचोळी, आत प्रशस्त. ज्याला कोकणातल्या खाड्या ठाऊक आहेत त्याला हे बघताक्षणी कळते की हे ठिकाण कोणीतरी कधीतरी बळकावणारच. डचांनी ते १६३४ मध्ये स्पॅनिश लोकांकडून घेतले आणि खाडीच्या तोंडाशी फोर्ट अ‍ॅमस्टरडॅम बांधला.

खाडीच्या पूर्वेला जुने गाव, पुंडा. पश्चिमेला त्यानंतर वसलेले ओत्रोबांदा. ओत्रोबांदा या शब्दाचा अर्थच पलीकडची बाजू. आमच्याकडेही खाडीपलीकडच्या वाडीला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही, 'पलतड' म्हणतात. हे कळल्यावर ते गाव मला परके राहिले नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेलो ते एका लहान बोटीतून. आजच्या मानाने लहान, म्हणजे दोनशे मीटरच्या आतली. सकाळी पाळी संपवून नाळेकडच्या डेकवर आलो. तिथे कामगारांना उभे राहायची मुभा होती. बोट खाडीच्या तोंडाशी पोचली होती. उजवीकडे वॉटरफोर्ट, डावीकडे रिफ फोर्ट, दोन्ही एकोणिसाव्या शतकातले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या आत येऊ नयेत म्हणून या दोन किल्ल्यांच्या मध्ये पोलादी जाळे टाकले होते. आतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून दोस्त राष्ट्रांच्या विमानांना इंधन जायचे, आणि १९४२ च्या फेब्रुवारीत पाणबुड्यांनी या भागातल्या तेलवाहू बोटी खरोखरच बुडवल्या होत्या. त्या सकाळी मला यातले काहीच माहीत नव्हते. मला दिसले ते एवढेच, की आपली बोट एका रस्त्यात शिरते आहे.

दुसरा शब्द नाही त्याला. दोन्ही काठांवर माणसे उभी होती. गणवेशातली शाळेची मुले, सायकल धरलेला एक म्हातारा, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. ती आमच्या स्वागताला आलेली नव्हती. त्यांचा पूल आमच्यासाठी उघडला होता आणि तो पुन्हा लागायची ती वाट बघत होती. उजव्या हाताला पुंडाच्या काठावरच्या हांडेल्सकाडे रस्त्याची ती प्रसिद्ध घरे, पिवळी, लाल, निळी, हिरवी, डच पद्धतीच्या वळणदार माथ्यांची. कोपऱ्यावरचे पिवळे पेन्हा घर १७०८ चे. आमचा डेक त्यांच्या माथ्यांच्या उंचीला आला होता. एका खिडकीत एक बाई कपबशी घेऊन बसलेली होती आणि तिने माझ्याकडे पाहिले. बोटीवरच्या माणसाकडे बंदरातले माणूस असे सहसा बघत नाही. ते बोटीकडे बघते.

ती घरे बघताना मला आमची डच वखार आठवली. वेंगुर्ल्यात डचांनी सतराव्या शतकात वखार घातली होती. आता नुसत्या भिंती आहेत, भिंतींतून झाडे उगवलेली. लहानपणी आम्ही तिथे चेंडू शोधायला शिरायचो. ती पडकी होती म्हणून ती कधी घर होती असे मनात येत नसे. विलेमस्टाडच्या काठावर मला पहिल्यांदा कळले की त्या भिंती उभ्या असत्या, रंगवलेल्या असत्या, तर कशा दिसल्या असत्या. आमच्याकडे आली ती डचांची ईस्ट इंडिया कंपनी, इकडे आली ती त्यांचीच वेस्ट इंडिया कंपनी. आमच्याकडून कापड आणि मिरी गेली. इथे त्यांनी माणसांचा बाजार मांडला. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे या बेटावर उतरवायची आणि इथून स्पॅनिश मुलखात विकायची. त्या रंगीत घरांच्या पायात तो पैसा आहे, हे त्या घरांकडे बघताना विसरता येत नाही आणि मला वाटते विसरूही नये.

बोट डाव्या बाजूच्या मॅथी वार्फला लागली. ट्रे थरथरले असतील, मी वर होतो. काठावरच्या माणसाने वरून फेकलेली बारीक दोरी झेलली, तिच्या टोकाला बांधलेला मनगटाएवढा दोरखंड ओढून खांबाला अडकवला. पाठीमागे गावाचा फूटपाथ. मी गँगवेवरून उतरलो आणि गावात होतो. त्या रात्री आईला सांगितले, दिसते. समोरच आहे. घरे मोजता येतील इतके समोर.

त्या पुलाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याच्यावर माझे प्रेम आहे. राणी एमा पूल. १८८८ मध्ये अमेरिकेच्या वकिलातीतल्या लेनर्ड बर्लिंग्टन स्मिथ या माणसाने तो उभारला. उभारला म्हणण्यापेक्षा तरंगवला म्हणावे. १६७ मीटरचा लाकडी रस्ता, सोळा होड्यांच्या पाठीवर टेकलेला. ओत्रोबांदाच्या टोकाला बिजागरी, पुंडाच्या टोकाला चालकाची खोली आणि इंजिने. बोट आली की घंटा वाजते, फाटके लागतात, आणि पूल दारासारखा उघडून काठाला समांतर जाऊन उभा राहतो. थोडा वेळ उघडणार असेल तर नारिंगी निशाण, जास्त वेळ उघडणार असेल तर निळे. निळे निशाण दिसले की लोक मुकाट्याने पोंचीकडे वळतात. पोंची म्हणजे तर, माणसांना पलीकडे नेणारी होडी. पूल उघडा असताना तरीचे पैसे पडत नाहीत.

मी खाडीकाठचा आहे, म्हणून मला पहिल्याच दिवशी प्रश्न पडला की भरती-ओहोटीला हा पूल करतो काय? आमच्याकडे ओहोटीला होडी चिखलात बसते आणि भरतीला तीच होडी धक्क्याच्या वरच्या पायरीशी येते. असा पूल आमच्या खाडीवर घातला तर दिवसातून दोनदा तो घसरगुंडी होईल. उत्तर पुंडाच्या काठावरच्या दगडांवर होते. शेवाळाचा पट्टा जेमतेम फूटभर उंचीचा. कॅरिबियन समुद्रात पाणी चढते-उतरते ते एवढेच. म्हणून गाव पाण्याला इतके चिकटून बसू शकले, घरांच्या पायऱ्या जवळजवळ पाण्यात, आणि म्हणून तरंगता पूल सव्वाशेच्या वर वर्षे आपल्या जागी आहे.

सुरुवातीच्या काळात या पुलावर टोल होता. पायात वहाणा असलेल्याने पैसे द्यायचे, अनवाणी माणसाला फुकट. गरिबाला सवलत मिळावी हा हेतू. गावात अजून सांगतात की गरीब माणसे उसन्या चपला घालून पैसे भरून जायची आणि पैसेवाले जोडे काखोटीला मारून फुकट. ही गोष्ट मला आईला सांगायला फार आवडायची. ती दर वेळी म्हणायची, "बरोबर केल्यानी." कोणी बरोबर केले ते तिला विचारायची गरज नव्हती. लग्नाला जाताना शेजारणीच्या पाटल्या मागून घालणारी बाई तिने पाहिली होती.

आता दुसऱ्या पुलाचे. खाडीवर, आतल्या बाजूला, राणी जुलिआना पूल आहे. पाण्यापासून छप्पन्न मीटर उंच. तो बांधत असताना १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा एक भाग कोसळून पंधरा कामगार मेले. १९७४ मध्ये तो खुला झाला आणि एमा पुलावरची वाहने बंद झाली, तो फक्त पायी चालणाऱ्यांचा राहिला. छप्पन्न मीटर पुष्कळ उंची आहे. पण माझ्या पुढच्या एका कंत्राटात मी ज्या जातीच्या बोटी बंदरात शेजारी उभ्या पाहिल्या, त्या पाण्यावर बहात्तर मीटर उंच होत्या आणि तीनशे साठ मीटर लांब. अशी बोट त्या पुलाखालून जाणे शक्य नाही, आणि त्या चिंचोळ्या खाडीत तिला वळवायचे म्हणजे गल्लीत एसटी वळवण्यासारखे. म्हणून बंदराने बोटींसाठी बाहेर, खुल्या समुद्राच्या काठाला, रिफ फोर्टच्या पश्चिमेला धक्का बांधला. मेगा पिअर. एक पुरला नाही, मग दुसरा.

असा बाहेर धक्का बांधता आला याचे कारण पुन्हा पाण्यातच आहे. कुरासाओच्या दक्षिण किनाऱ्याला प्रवाळाची अरुंद कड आहे आणि ती संपली की समुद्रतळ एकदम खाली कोसळतो. काठापासून थोड्याच अंतरावर एवढे खोल पाणी, की नऊ-साडेनऊ मीटर पाण्यात बुडणारी बोट बिनधास्त उभी राहते. आमच्याकडे मोठ्या बोटीला लांब उभे राहावे लागायचे ते उथळ पाण्यामुळे. इथे समुद्र आपणहून काठापर्यंत खोल आला आहे.

मेगा पिअरला बोट लागते तेव्हा थरथर लांबत जाते. वारा पूर्वेचा, बोट म्हणजे बहुमजली भिंत, आणि आडोसा काहीच नाही. लागल्यावरही दोरखंड कुरकुरत राहतात. आणि डेकवरून दिसतो तो एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गाडीतळ, बसेस, हॉटेले, आणि त्यांच्या मागे, कोपऱ्यात, रंगांचा एक तुकडा. मी आईला सांगितले, दिसते, पण अर्धे. तिने विचारले, "चलत किती?" चालत दहा-पंधरा मिनिटे. "मगे बरां," ती म्हणाली.

मला नंतर लक्षात येत गेले की सगळे त्या दहा-पंधरा मिनिटांतच आहे. धक्क्यावरून निघालेली वाट रिफ फोर्टजवळून जाते. किल्ल्याच्या कमानींमध्ये खाण्याची ठिकाणे आणि दुकाने आहेत, शेजारी मोठा मॉल आणि हॉटेल. हजारो माणसे सकाळी उतरतात. त्यातली बरीचशी बसमध्ये बसून समुद्रकिनाऱ्यांवर जातात. काही किल्ल्यापर्यंत येतात, थंडगार दुकानांत शिरतात, आणि तिथूनच परत जातात. पुलापर्यंत पोचतात ती उरलेली. पूल ओलांडून पुंडात जाणारी त्याहून कमी. पुंडाच्या आतल्या गल्ल्यांत, जिथे १७३२ चे ज्यू प्रार्थनास्थळ आहे आणि त्याच्या जमिनीवर वाळू पसरलेली आहे, तिथे शांतता असते. प्रवाशांना मी दोष देत नाही. वर्षभर राबून आठ दिवसांची सुट्टी घेतलेली माणसे होती ती, त्यांच्या थाळीत रोज सकाळी माझा पाव असायचा. पण बोट जितकी बाहेर उभी राहते तितकी गावाकडे जायची वाट दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाते. गाव आणि धक्का यांच्यामध्ये जे उभे राहते ते आपले पोट भरून घेते, आणि गावाला उरलेले मिळते.

याची मला भीती वाटते, कारण मी हे घरी पाहिले आहे. वेंगुर्ल्याची बाजारपेठ बंदराकडे तोंड करून वसली होती. बोट बंद झाली. मग कोकण रेल्वे आली ती कुडाळ, सावंतवाडीवरून, हायवे गेला तोही तिकडूनच. गाव जागेवरून हलले नाही, पण गावाकडे येणारा माणूस पाठीमागच्या दारातून यायला लागला. बंदराकडची जुनी घरे अजून समुद्राकडे बघत बसली आहेत. आई तिथून जाताना एखाद्या आजारी माणसाच्या खोलीतून जावे तशी हळू चालते.

विलेमस्टाड अजून तसे नाही. पण बंदरावर जगणाऱ्या गावाला धंदा उठून गेल्याचा अनुभव तिथे ताजा आहे. स्खोटेगाटच्या काठावर शेल कंपनीने १९१८ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. त्याने हे बेट बदलून टाकले. आसपासच्या बेटांतून, सुरीनाममधून, मदेइरातून कामगार आले. १९८५ मध्ये शेल निघून गेली आणि कारखाना सरकारला एका गिल्डरला दिला. गिल्डर म्हणजे तिथले चलन. पुढे व्हेनेझुएलाच्या सरकारी कंपनीने तो चालवला, तो करारही २०१९ मध्ये संपला. त्याच वर्षी व्हेनेझुएलाने या बेटांशी असलेली हद्द बंद केली आणि पुंडाच्या काठाला लागणाऱ्या फळा-भाज्यांच्या होड्याही थांबल्या. तो तरंगता बाजार मी भरात पाहिला होता. होडीतच संसार, काठावर ताडपत्री, केळी, पपया, मासळी. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ताडपत्र्यांच्या जागी रिकामा काठ होता. ज्या गावाने हे सगळे जाताना पाहिले, ते क्रूझच्या बोटीला नाही कसे म्हणेल?

नाही म्हणणारी गावेही आहेत, हे खरे. ग्रँड केमनच्या जॉर्जटाउनला क्रूझच्या बोटींसाठी धक्काच नाही. बोटी पाण्यात उभ्या राहतात आणि लाँचेस माणसांना काठावर आणतात, आमच्या पडावांसारख्या. धक्का बांधायचा की नाही यावर २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे मतदान झाले आणि लोकांनी नको म्हटले. त्यांच्या बंदरातले प्रवाळ त्यांना अधिक मोलाचे वाटले. मला त्यांचा निर्णय पटतो. आणि कुरासाओने बाहेर धक्का बांधला तोही मला समजतो. या दोन्ही ठिकाणी बोटीपुढे गाव आहे आणि गावाला काहीतरी म्हणायचे आहे.

मला न पटणारी गोष्ट तिसरीच आहे. अलीकडे बोटी अशा ठिकाणी लागतात जिथे गावच नाही. कंपनीने घेतलेले एखादे बेट किंवा भाड्याने घेतलेला भूशिराचा तुकडा, त्यावर आणून टाकलेली वाळू, छत्र्या, घसरगुंड्या. हैतीतल्या लाबादीला असेच कुंपण आहे, कुंपणापलीकडे हैती. अशाच एका कुंपणातल्या किनाऱ्यावरून मी आईला फोन केला होता. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटले, इथे गाव नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मगे बोट कित्याक लागली?"

विलेमस्टाडला मला मोकळे मिळायचे ते तीन-चार तास. प्रवाशांच्या अर्धा तास आधी आम्हाला परत चढावे लागायचे, त्यातून झोपेचा वेळ काढायचा. कामगाराचे बंदर प्रवाशाच्या बंदराहून वेगळे असते. स्वस्त इंटरनेट कुठे आहे, घरी पैसे कुठून पाठवायचे, बसायला सावली कुठे आहे, हा आमचा नकाशा. बरेच सहकारी धक्क्याजवळच्या भिंतीला टेकून, फोनमध्ये तोंड घालून, आपापल्या घरी जाऊन यायचे. इंडोनेशिया, फिलिपाइन्स, गोवा, सगळे एका भिंतीला. मी पूल ओलांडायचो. पुंडात सिंध्यांची दुकाने आहेत, अनेक दशकांपासूनची. त्यातल्या एका दुकानाच्या दारातले काका मला बघून रोज नव्याने विचारायचे, "बंबई?" मी म्हणायचो, त्याच्याही खाली. त्यांना तेवढे पुरायचे.

मग प्लासा बियू. जुना बाजार. पत्र्याच्या उंच छपराखाली लांब बाके, एका बाजूला चुली आणि मोठाली पातेली. तिथे मी पहिल्यांदा गियांबो खाल्ले आणि चमचा तसाच हातात राहिला. भेंडी. बुळबुळीत, मासळी घातलेली, भेंडीची आमटी. भेंडी आफ्रिकेतून इथे आली, ज्या बोटींतून माणसे आणली त्या वाटेने. सोबत फुंची, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, जो आमच्या भाकरीचे काम करतो. वाढणारी बाई सगळ्यांनाच 'दुशी' म्हणायची. दुशी म्हणजे गोड, म्हणजे बाळा, म्हणजे सगळेच. मी एकदा पातेल्यातल्या रताळ्याकडे बोट दाखवून नाव विचारले. ती म्हणाली, "बताता दुशी." गोड बटाटा. मी तिला सांगितले की आमच्याकडे बटाटा म्हणतात. ती हसली, तिला वाटले मी तिचा शब्द उचलला. उलट नव्हते ते, सुलटही नव्हते. बटाटा हा शब्द याच कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांच्या तोंडून तो समुद्र ओलांडून गोव्यात आला आणि आमच्या भाजीत पडला. मी ज्या पावावर आयुष्य काढले तो शब्दही पोर्तुगीजांचा, आणि त्या बाईच्या पापियामेंतूत ब्रेडला 'पान' म्हणतात. तिच्या भाषेत पोर्तुगीज, स्पॅनिश, डच, आफ्रिकी सगळे मिसळले आहे. ती गुलामांच्या आणि मालकांच्या मधल्या अंगणात तयार झाली आणि २००७ मध्ये तिला राजभाषेचा मान मिळाला.

एका खेपेला मी पुलाकडे न जाता किनाऱ्याने पश्चिमेला चालत गेलो. तिथे तुला नावाच्या गुलामाचे स्मारक आहे. १७९५ च्या ऑगस्टमध्ये क्निप नावाच्या मळ्यावर तुला आणि त्याच्याबरोबरच्या गुलामांनी काम करायला नकार दिला. उठाव महिनाभर चालला. ऑक्टोबरच्या ३ तारखेला त्याला इथे, समुद्रकाठी, हालहाल करून मारले. गुलामगिरी संपायला त्यानंतर आणखी अडुसष्ट वर्षे गेली, १८६३ पर्यंत. आणि डच सरकारने त्याच्यावरचा कलंक अधिकृतपणे पुसला तो २०२३ मध्ये. स्मारकापाशी उभे राहून मागे वळून पाहिले तर मेगा पिअरला लागलेली आमची बोट दिसत होती, सगळ्या इमारतींच्या वर, पांढरी. तिथे त्या दिवशी मी एकटाच होतो. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होते, आणि सगळेच वाऱ्याने नव्हते.

शेवटच्या कंत्राटातली शेवटची कुरासाओची फेरी. तेव्हा आईला चालवत नव्हते, भाचीने तिला व्हिडिओ कॉल लावायला शिकवले होते. विलेमस्टाडला दुपारचे बारा म्हणजे वेंगुर्ल्यात रात्रीचे साडेनऊ. मी प्लासा बियूत जेवून ओत्रोबांदाकडे परत निघालो होतो, पुलाच्या मध्यावर होतो, आणि घंटा वाजली. फाटके लागली. आत असलेल्याला आतच राहता येते. माझ्याजवळ चाळीस मिनिटे होती. निशाण नारिंगी होते. मी आईला कॉल लावला.

पुंडाच्या टोकाचे इंजिन घरघरले, आणि लाकडी रस्ता माझ्यासकट, शेजारच्या दोन शाळकरी मुलींसकट, दिव्यांच्या कमानींसकट, हळूहळू पाण्यावरून फिरायला लागला. रंगीत घरे बाजूला सरकू लागली. मी फोन समोर धरला.

"पूल चालता?" आई म्हणाली.

"चालता."

"आणि माणसां पडनत नाय?"

"नाय पडनत."

ती बराच वेळ बघत राहिली. मग खाडीच्या तोंडातून एक लहान बोट आत आली, आमच्या पहिल्या बोटीएवढी. ती इतकी जवळून गेली की तिच्या नाळेकडच्या डेकवर उभी असलेली माणसे स्पष्ट दिसली. पाच-सहा जण, त्यातल्या दोघांच्या अंगावर पांढरे डगले. गॅलीतले. एकाने हात वर केला. मी फोन त्यांच्याकडे वळवला.

"ते कोण?"

"आमच्यासारखेच. आतां पाळी संपली आसतली."

"तेंका दिसता मां गाव?"

मी घरांकडे पाहिले, मग त्या मुलांकडे. ती सगळी उजव्या बाजूच्या कठड्याशी सरकली होती.

"दिसता," मी म्हटले.